सोनकावळा, धामण आणि बुलबुलाचं तिसरं घरटं

प्रश्न : देवरुखजवळ आमचं कौलारू घर आहे. मागे परसात हापूसची चार कलमं, माड, जास्वंद, भाजीचे वाफे आणि दोन्ही अंगांना जांभ्याचा गडगा, म्हणजे दगड रचून केलेली कुंपणभिंत. मार्चपासून शिपाई बुलबुलाच्या जोडीने जास्वंदीत दोनदा घरटं केलं. पहिल्या खेपेला अंडी नाहीशी झाली, घरटं मात्र जागच्या जागी. दुसऱ्या खेपेला भारद्वाज पिल्लू चोचीत धरून नेताना मी स्वतः पाहिला. दगड उचलला, तर सासूबाईंनी हात धरला. भारद्वाज दिसणं शुभ असतं म्हणे. त्यातच गेल्या आठवड्यात सकाळी अकराच्या सुमारास पिवळसर, पुरुषभर लांबीचा साप गडग्यातून निघून सोडणांच्या, म्हणजे नारळाच्या सालींच्या ढिगात शिरला. मुंगूसही अधूनमधून दिसतं. शेजारी कार्बोलिक ॲसिड शिंपडा म्हणतात, मुलगा सगळ्या परसाला जाळी मारू म्हणतो. घरात सहा वर्षांचा नातू आहे आणि एक मांजर. बुलबुलांनी आता बोगनवेलीत तिसरं घरटं घातलंय. ते उचलून पडवीत ठेवलं तर वाचेल का?

उत्तर : ताई, घरटं उचलू नका. आईबाप घरटं जागेवरून ओळखतात. तिथून दहा पावलं हलवलेलं घरटं, आत अंडी तीच असली, तरी त्यांच्या लेखी नाहीसंच झालेलं असतं. शिवाय १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात ‘शिकार’ या शब्दाच्या व्याख्येत वन्यपक्ष्यांच्या अंड्यांना किंवा घरट्यांना धक्का लावणंही येतं. तुमचा हेतू चांगला असला तरी हातून होणारी गोष्ट तीच.

आता चोरांकडे वळू. भारद्वाज तुम्ही डोळ्यांनी पाहिलात, त्यामुळे दुसऱ्या घरट्याचा निकाल लागला. पहिल्याचा लागलेला नाही. घरटं शाबूत आणि आतली अंडी टरफलासकट गायब, ही खूण सापाचीही असते आणि भारद्वाजाची किंवा टकाचोर पक्ष्याचीही. साप अंडं अख्खं गिळतो, मागे काही ठेवत नाही. घरट्यात टरफलाचे बारीक तुकडे आणि ओलसर डाग दिसले तर उंदीर. घरटं एका बाजूला ओढलेलं, फांदी मोडलेली, खाली गवताच्या काड्या विखुरलेल्या, तर मांजर किंवा माकड. मोठा पक्षी मारला गेला असेल तर पिसं उचलून त्यांची देठं बघा. शिक्रा हा लहान शिकारी पक्षी पिसं एकेक करून उपटतो, म्हणून देठ अखंड राहतं आणि पिसांचा ढीग एका जागी पडतो. मांजर चावून तोडतं. देठं चेचलेली, तुटकी आणि लाळेने चिकटलेली असतात. पुढच्या वेळी काही घडलं तर दगड शोधण्याआधी खालची जमीन बघा.

सासूबाईंनी हात धरला ते बरंच झालं, कारण काहीही असलं तरी. भारद्वाज, तुमच्याकडचा सोनकावळा, हा झुडपांच्या बुडाशी पायी हिंडत एकेक फांदी तपासणारा पक्षी आहे. टोळ, सुरवंट, सरडे, गोगलगायी, उंदराची पिल्लं, लहान साप आणि हाताला लागली तर घरटी, असा त्याचा आहार. पावसाळ्याच्या तोंडाला त्याचीही वीण असते आणि त्यालाही घरी चोची आ वासून बसलेल्या असतात. तुमच्या भाजीच्या वाफ्यांवर जुलैत गोगलगायी चढतात, त्यांचा हिशेब तो ठेवतो. आणि बुलबुलाला साधाभोळा समजू नका. पिल्लांना भरवण्यासाठी तो दिवसभर अळ्या, कोळी आणि किडे मारत असतो. अळ्यांनी पत्र लिहिलं असतं तर तक्रार त्याच्याविरुद्ध आली असती.

घरटी बुडणं हा अपवाद नाही. बुलबुलाची मादी एका खेपेला दोन-तीन अंडी घालते आणि खेप बुडाली की पुन्हा घालते. वर्षाला सहा अंडी धरा, जोडी चार वर्षं जगली असं धरा. चोवीस अंडी झाली. त्यातली दोन पिल्लं मोठी होऊन आईबापांच्या जागी आली की पुरे. उरलेली बावीस कुणाच्या तरी पोटात जाणार हे त्या हिशेबात धरलेलंच आहे, म्हणून तर तिसरं घरटं इतक्या लवकर उभं राहिलं.

पण या हिशेबात न बसणारा एक जण तुमच्याच घरात राहतो. भारद्वाजाला शिकार मिळाली नाही तर तो उपाशी राहतो किंवा दुसरीकडे जातो. शिकार विरळ झाली की शिकारीही विरळ होतात. मांजराचं तसं नाही. त्याला घरी दूधभात ठरलेला, त्यामुळे परसातले पक्षी कितीही कमी झाले तरी त्याची संख्या घटत नाही आणि त्याची शिकार थांबत नाही. कावळ्यांचंही थोडंफार तसंच. उष्टंखरकटं परसात फेकलं की कावळे तिथे मुक्काम करतात आणि मधल्या वेळेत झाडं तपासतात. तेव्हा बदल करायचाच असेल तर या दोन ठिकाणी आधी करा.

मांजराला संध्याकाळी दिवेलागणीपासून सकाळी आठपर्यंत घरात ठेवा. त्याच्या खाण्यात मासळी-मटणाचा भाग वाढवा आणि दिवसातून दहा मिनिटं दोरीला चिंधी बांधून खेळवा. याने शिकारीची खुमखुमी खरंच उतरते. गळ्यातल्या घंटेवर फार विसंबू नका. उडता पक्षी कधीकधी सावध होतो, पण घरट्यातल्या पिल्लाला घंटा ऐकून पळता येत नाही. पट्टा बांधायचाच तर ताण आला की सुटणारा घ्या, नाहीतर मांजर फांदीला अडकून फास बसतो. नसबंदी केली नसेल तर पावसाआधी उरकून घ्या.

बोगनवेलीची निवड बुलबुलांनी चांगली केली आहे. तिच्या बुडाशी, जमिनीपासून दोन-अडीच फुटांपर्यंत, बोरीच्या किंवा करवंदीच्या वाळक्या काटेरी फांद्या सैल रचून ठेवा. मांजर वर चढणार नाही. हे काम एकदाच, दुपारी, मादी चरायला गेलेली असताना पाच मिनिटांत करा. काटे घरट्याभोवती लावू नका. भारद्वाजाला मात्र हे अडवणार नाही, तो काट्यांतून सराईतपणे सरकतो. त्याला अडवते ती फांदीची बारीकता. चांगला दीड फूट लांबीचा आणि वजनदार पक्षी आहे, टोकाच्या लवचीक फांदीवर त्याला तोल सांभाळता येत नाही. म्हणून पुढच्या हंगामासाठी पडवीत दोन-तीन कुंड्या तारेने टांगून ठेवा. जमिनीपासून सात-आठ फूट उंच, भिंतीपासून आणि खांबापासून दीड-दोन फूट लांब, आत दाट नेचा किंवा तसलीच भरगच्च झाडं. शिपाई बुलबुल माणसांच्या वावरात बेधडक घरटं करतो. कुंडीवर बसले तर पडवीतला पंखा महिनाभर बंद.

घरट्याजवळ रोज डोकावणं, फोटो काढणं, नातवाला उचलून दाखवणं, हे सगळं बंद करा. कावळा माणसाकडे बघत असतो. माणूस ज्या झुडपापाशी थबकतो तिथे तो नंतर जातो. पाहायचंच असेल तर मागच्या दारातून पाहा. चालताना न थांबता पुढे जा.

पक्ष्यांसाठी पाण्याचा परळ ठेवत असाल तर जागा मोजून ठरवा. दोन-अडीच फूट उंच दगडावर, आणि दाट झुडपापासून किमान सात-आठ फूट लांब, म्हणजे मांजराला दबा धरून झेप घेता येणार नाही. पाणी दोन इंचांहून खोल नको. दर दोन दिवसांनी घासून बदला, नाहीतर डासांच्या अळ्या होतात. शिक्रा घिरट्या घालू लागला तर आठ-दहा दिवस दाणे टाकणं बंद ठेवा. पक्षी पांगतात, तोही पांगतो.

आता साप. दिवसाउजेडी, पिवळसर, पुरुषभर लांब आणि माणूस दिसताच पळणारा, या वर्णनावरून तो बहुधा धामण. बिनविषारी. डोळे मोठे, ओठांच्या खवल्यांवर काळ्या उभ्या रेघा, शेपटीकडे काळसर जाळीदार नक्षी. ती गाई-म्हशींच्या पायाला विळखा घालून दूध पिते किंवा शेपटीचा फटका विषारी असतो, या दोन्ही गोष्टी खोट्या. तिचं मुख्य काम उंदीर. पण ‘बहुधा’ हा शब्द मुद्दाम घातला आहे. नागही गव्हाळ रंगाचा असू शकतो आणि फणा काढल्याशिवाय घाईत फरक कळत नाही. तेव्हा ओळखायला जवळ जाऊ नका. दहा फूट लांबून मोबाइलवर झूम करून फोटो घ्या आणि जवळच्या सर्पमित्राला पाठवा. साप घरात शिरला किंवा अडकला तर वनविभागाचा १९२६ हा क्रमांक आहे.

खरी काळजी धामणीची नाही, फुरसं या लहानशा विषारी सापाची करा. रत्नागिरी जिल्ह्याच्या जांभ्यावर फुरसं पुष्कळ. जेमतेम फूट-दीड फूट लांब, मातकट, अंगावर नागमोडी पांढुरकी रेघ, डोक्यावर बाणासारखी खूण. बिथरलं की अंगाची वेटोळी एकमेकांवर घासून करवत चालवल्यासारखा खरखराट करतं. दिवसा दगडाखाली किंवा गडग्याच्या भेगेत असतं, रात्री बाहेर पडतं. दंश बहुतेक वेळा न बघता दगडाखाली हात घातल्याने किंवा अंधारात अनवाणी पाऊल पडल्याने होतो. म्हणून परसात काम करताना आधी काठी, मग हात. रात्री बॅटरी आणि बूट. नातवाला ‘साप चावतो’ एवढं सांगून भागत नाही. ‘गडग्याच्या भोकात आणि दगडाखाली हात घालायचा नाही’ असं नेमकं सांगा.

साप परसात का आला, याचं उत्तर तुमच्याच पत्रात आहे : सोडणांचा ढीग. सोडणं, झावळ्या, पावसाळ्यासाठी रचलेली लाकडं, शिळं अन्न टाकलेला खताचा खड्डा, यांत उंदीर वाढतात आणि उंदरांमागे साप येतो. लाकडं जमिनीपासून फूटभर उंच माचीवर आणि भिंतीपासून फूटभर सुटी रचा. सोडणं पावसाआधी वापरून संपवा किंवा घरापासून दूर न्या. ढीग उपसताना वरून एकेक थर लांब दांड्याच्या दाताळ्याने ओढा, मिठी मारून उचलू नका. खताच्या खड्ड्यात भात, आमटी, मासळीचे काटे टाकत असाल तर तो बंद पिंपात न्या. पिंपाच्या हवेच्या भोकांना आतून ६ मिलिमीटरची वेल्डेड जाळी लावा. कोंबडजाळीतून उंदराची पिल्लं आरामात जातात. नुसता पालापाचोळा उघड्यावर कुजला तरी हरकत नाही. मात्र अशा उबदार ढिगात साप अंडी घालतात, तेव्हा तो उलटण्याआधी काठीने ठोका.

गडगा पाडायची गरज नाही. मागच्या दारापासून दोन्ही बाजूंना दहा-बारा फूट एवढ्याच भागातल्या भेगा बुजवा. बुजवण्याआधी तीन संध्याकाळी प्रत्येक भेगेच्या तोंडाशी रांगोळी किंवा चाळलेली राख पातळ पसरा. सकाळी त्यावर माग उमटला असेल तर आत कुणीतरी आहे, थांबा. सलग तीन दिवस राख जशीच्या तशी राहिली की मगच सिमेंट भरा. नाहीतर प्राणी आत कोंडून मरतो किंवा दुसऱ्या तोंडाने घरात निघतो. घराच्या कडेने तीन-चार फुटांचा पट्टा स्वच्छ, उघडा ठेवा. सारवलेल्या खळ्याचा, म्हणजे अंगणाचा, हाच मोठा फायदा होता, त्यावर काहीही सरपटलं तरी लगेच दिसायचं. दाराखालची फट पेन्सिल जाईल एवढीही ठेवू नका, रबरी किंवा ब्रशची पट्टी ठोका. मोरीच्या तोंडाला जाळी. मण्यार रात्री घरात शिरते आणि तिचा दंश झोपेत कळतही नाही, म्हणून पावसाळ्यात जमिनीवर झोपणं टाळा आणि मच्छरदाणी गादीखाली नीट खोचा.

कार्बोलिक ॲसिड आणू नका. त्याने साप थांबत नाही, पण सहा वर्षांच्या मुलाची कातडी नक्की भाजते आणि बेडूक मरतात. फिनेल, डांबरगोळ्या, लसूण, गंधक यांचाही उपयोग नाही. पावसाच्या एका सरीत वास जातो, आणि वास असतानाही साप त्यावरून जातो.

जाळीबद्दल मुलाला समजावून सांगा. बाजारात मिळणारी हिरवी-निळी नायलॉनची पक्षीजाळी धामणीसाठी फास असते. ती डोकं घालते, पुढे सरकते आणि खवले मागे वळलेले असल्यामुळे तिला उलटं निघता येत नाही. धडपडीत दोरे कातडीत रुततात आणि उन्हात तासा-दोन तासांत जीव जातो. विषारी साप अडकला तर सोडवणाऱ्याचाही जीव धोक्यात. वाफ्यांना जाळी हवीच असेल तर जिच्या भोकातून करंगळी जाणार नाही अशी बारीक विणीची घ्या, ताणून बसवा, जमिनीवर तिचा चोळामोळा पडू देऊ नका. नातवाच्या खेळण्याच्या जागेपुरतं कुंपण मात्र करता येईल : ६ मिलिमीटरची लोखंडी जाळी, जमिनीवर तीन फूट, जमिनीखाली अर्धा फूट पुरलेली, वरून थोडी बाहेरच्या बाजूला कललेली आणि खांब आतून. दार खाली घासत बंद झालं पाहिजे. खांब बाहेरून ठोकले तर साप त्यांच्याच आधाराने चढतो. इथेच बहुतेकांचं चुकतं.

उंदरांसाठी विषाच्या वड्या नकोत. ब्रोमॅडिओलोनसारख्या विषाने उंदीर चार-पाच दिवसांनी मरतो. तोवर तो सुस्त होऊन उघड्यावर फिरतो, त्याला गव्हाणी घुबड, धामण, मुंगूस किंवा तुमचं मांजर खातं आणि विष त्यांच्या पोटात जातं. चिकट फळ्यांवर उंदरांआधी पाली आणि लहान साप अडकतात. पिंजरा लावा. आत सुक्या खोबऱ्याचा भाजलेला तुकडा, पहिल्या दोन रात्री दार उघडंच बांधून, म्हणजे उंदीर निर्धास्त होतो.

मुंगसाला त्याच्या वाटेने जाऊ द्या. कोंबड्या असतील तर खुराड्याची जाळी आणि कडी तपासा, बस. उद्या घोरपड दिसली तर तिलाही तेच. मुंगूस आहे म्हणजे साप नाही असं मात्र समजू नका, एकाच परसात दोघंही राहतात.

सर्पदंशाची तयारी साप दिसण्याआधी करायची. जवळच्या ग्रामीण रुग्णालयात प्रतिसर्पविष उपलब्ध आहे का, रात्री डॉक्टर असतात का, हे याच आठवड्यात विचारून ठेवा. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर एकच बहुगुणी प्रतिसर्पविष चालतं, म्हणून साप मारून सोबत नेण्याची गरज नसते. दंश झाला तर माणसाला झोपवा, अंगठ्या-बांगड्या काढा, हात किंवा पाय फळीला सैल बांधून स्थिर करा आणि १०८ला फोन करा. आवळपट्टी नाही, चिरा नाही, चोखणं नाही, मांत्रिक नाही. फुरशाच्या दंशानंतर रक्त गोठत नाही, चिरा दिला तर ते वाहतच राहतं.

आता तिसरं घरटं. अंडी घातल्यापासून साधारण १२ ते १४ दिवसांत पिल्लं निघतात आणि आणखी बारा-तेरा दिवसांत घरटं सोडतात. सगळ्यात कठीण आठवडा त्यानंतरचा. पिल्लं नीट उडता येण्याआधीच बाहेर पडतात, झुडपाच्या बुडाशी शेपटी नसल्यासारखी बसून राहतात आणि आईबाप तिथेच येऊन भरवतात. त्या आठवड्यात मांजर दिवसाही घरात. पिसं फुटलेलं पिल्लू जमिनीवर दिसलं तर उचलून घरात आणू नका. उघड्यावर असेल तर जवळच्या झुडपात ठेवा आणि तीस-चाळीस फूट लांब उभं राहून तासभर बघा, आई येतेच. उघडंबोडकं, डोळे मिटलेलं पिल्लू खाली पडलं असेल तर घरट्यात परत ठेवा. माणसाचा हात लागला की आई टाकते हे खरं नाही. घरटंच खाली आलं असेल तर तळाला भोकं पाडलेल्या करवंटीत किंवा छोट्या परडीत ते बसवून त्याच फांदीला सुतळीने बांधा. त्या जागेपासून हातभरापेक्षा लांब नाही. ड्रॉपरने पाणी पाजू नका, ते श्वासनळीत जातं. दूध-पाव तर नकोच.

पिल्लं उडाल्यावर बोगनवेल लगेच छाटू नका, जोडी याच हंगामात पुन्हा घालू शकते. छाटणी डिसेंबर-जानेवारीत करा, आणि तेव्हाही आतल्या काटेरी फांद्या राहू द्या.